आधी झाडी बघून ठेवा

राजकारणात अमर व्हायचंय? मग जाहीरनामा लिहीत बसू नका. तो छापखान्यातलासुद्धा कुणी वाचत नाही. त्यापेक्षा कार्यकर्त्याचा फोन आला, की खिडकीबाहेर बघा आणि दिसेल ते सांगत सुटा.

जून 2022 मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीच्या हॉटेलातून एवढंच केलं. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील! इकडे सरकार पडायच्या बेतात, पक्ष उभा चिरलेला, कोर्टात पक्षांतरबंदीचा कीस. आणि अख्खा महाराष्ट्र मोबाइल कानाला लावून आसामची झाडी ऐकतोय. त्या आठवड्यात नेमकं काय घडलं, हे आज शेजाऱ्याला विचारा. कोण आधी सुरतेला गेलं इथेच तो अडखळेल. डोंगार मात्र तोंडपाठ.

हो, आणि शुद्ध बोलायचा मोह टाळा. बापू 'काय ही वृक्षराजी, काय उत्तम निवासव्यवस्था' म्हणाले असते, तर क्लिप त्याच फोनमध्ये वारली असती. सगळी जादू त्या एका जादा कान्याची. एरवी माणदेशातलं पोरगं कॉलेजात असं बोललं की वर्ग फिदीफिदी हसतो. तोच वर्ग मग लोणावळ्याच्या धुक्यात रील काढतो आणि खाली 'काय डोंगार' लिहितो. याला बोलीभाषेचं संवर्धन म्हणतात. अनुदानही लागत नाही.

लोक हसले म्हणून खचू नका. 'मी पुन्हा येईन' म्हणणारे फडणवीस 23 नोव्हेंबर 2019 ला भल्या सकाळी आले, 26 ला गेले. नंतर प्रत्येक लग्नात उशिरा आलेला पाहुणा तेच वाक्य टाकून जेवायला बसायचा. 5 डिसेंबर 2024 ला ते खरोखरच मुख्यमंत्री म्हणून परत आले. विनोद करणाऱ्यांची मोठीच अडचण झाली.

फक्त हशा मोजून मतं धरू नका. 2019 च्या लोकसभेला राज ठाकरे 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणाले की मैदान डोक्यावर घ्यायचं. उमेदवार एकही नव्हता, आणि ज्यांच्याविरुद्ध व्हिडिओ लागले त्या युतीने 48 पैकी 41 जागा नेल्या. बापूही 2024 ला सांगोल्यात पडले.

असो. तुमचा फोन वाजतोय. खिडकीतून काय दिसतंय? नुसती कचराकुंडी? चालेल. 'कुंडी'तला कुठला स्वर ताणायचा, तेवढं ठरवा.