जवळून पाहणारा बातमीदार पक्षपातीच असतो का?

सप्रेम नमस्कार.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थी-पत्रकारांवर मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. ज्यांची ४० वर्षे जिल्हा दैनिकात गेली, त्यांचा आक्षेप दोन ओळींत उरकणे मला योग्य वाटले नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. आपले म्हणणे थोडक्यात असे: एप्रिल २०२४ मध्ये गाझातील युद्धाच्या निषेधार्थ विद्यापीठाच्या हिरवळीवर तंबू ठोकणारे आणि त्यांच्या बातम्या देणारे एकाच वर्गात बसणारे असल्याने त्या मजकुराला पत्रकारिता म्हणणे भाबडेपणाचे आहे, मोठ्या वृत्तपत्रांनी सर्व काही दिलेच होते, आणि मराठी वाचकाला या विद्यापीठाविषयी सांगायचेच असेल, तर बाबासाहेबांविषयी सांगावे.

मोठ्या वृत्तपत्रांचा मुद्दा आधी घेते, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. त्या दिवसांत विद्यापीठाची फाटके ओळखपत्र नसलेल्यांना बंद होती. ३० एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांच्या एका गटाने विद्यापीठाची हॅमिल्टन हॉल ही इमारत ताब्यात घेतली आणि त्याच रात्री पोलीस आत शिरले, तेव्हा बाहेरच्या बहुतेक बातमीदारांना ब्रॉडवेवरच्या अडथळ्यांपलीकडून जेवढे दिसेल तेवढ्यावर भागवावे लागले. आत होते ते ‘स्पेक्टेटर’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचे विद्यार्थी, पत्रकारिता विद्यालयाचे विद्यार्थी आणि ‘डब्ल्यूकेसीआर’ या विद्यार्थी रेडिओ केंद्राची मुले.

ती रात्र मी न्यू जर्सीतल्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रेडिओवर ऐकली. एरवी हे केंद्र जॅझसाठी ओळखले जाते, आणि ‘राग और ताल’ हा हिंदुस्थानी संगीताचा कार्यक्रमही तिथे होतो. मी ते लावते तेही त्याचसाठी. त्या रात्री नेहमीचे सगळे कार्यक्रम बाजूला ठेवून मुले सलग बातम्या देत होती. ऐकणाऱ्यांची एवढी गर्दी झाली की केंद्राचे संकेतस्थळच बंद पडले. पोलिसांनी मागे ढकलले, तर ढकलले गेल्याचे ती सांगत होती. जिथून पुढचे दिसत नव्हते, तिथे दिसत नाही म्हणत होती. दम लागलेला आवाज आणि तरीही मोजून टाकलेले शब्द, हे मी फार दिवसांनी ऐकले. नव्या वार्ताहराला आपण पहिला धडा हाच देत असाल: पाहिले तेवढेच लिही, ऐकले ते कोणाकडून ऐकले ते सांग. त्याच दिवसांत पुलित्झर पारितोषिक मंडळाने निवेदन काढून विद्यार्थी-पत्रकारांच्या कामाचा, विशेषतः कोलंबियातल्या, गौरव केला. ही पारितोषिके कोलंबियातूनच दिली जातात, तेव्हा घरच्याच शाबासकीचे काय कौतुक, असे आपण म्हणू शकाल. परंतु माझे मत त्या निवेदनावर नव्हे, कानांनी ऐकलेल्या प्रसारणावर बनलेले आहे.

आता आपला मुख्य आक्षेप, जवळिकीचा. आपण स्वतः तालुक्याच्या गावी बातमीदारी केली, असे प्रतिक्रियेतच लिहिले आहे. सरपंचाच्या घरी चहा घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याविरुद्ध छापायचे, ही कसरत आपणास माहीत आहे. त्या गावात चुकीचे छापले, तर सकाळी एसटी स्टँडवर कोणीतरी कॉलर धरतोच. कोलंबियातही तसेच असते. ज्याच्याविषयी लिहिले तो दुपारी भोजनगृहात समोर बसतो. माझ्या मते हा धाक दूरच्या शहरातून विमानाने आलेल्या बातमीदाराला नसतो, आणि शहानिशा करायला लावणारा याहून मोठा धाक मला तरी ठाऊक नाही. शिवाय १८७७ पासून निघणारे ‘स्पेक्टेटर’ १९६२ पासून आर्थिकदृष्ट्या विद्यापीठापासून स्वतंत्र आहे. पैसा ज्याचा त्याची बाजू, हा नियम तिथे प्रशासनाच्या कामी येत नाही.

जवळून काय दिसते, याचे एकच उदाहरण देते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यानंतर काही ज्यू विद्यार्थी भीतीने घरी निघून गेले, आणि त्याच सुमारास काही ज्यू विद्यार्थ्यांनी त्या तंबूंमध्येच पासोव्हर या ज्यू सणाचे सहभोजन केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दूरच्या वाहिन्यांवरील चर्चांत आपापल्या सोयीची एकच उचलली जाताना मी पाहिली. ज्याचे दोन्हींकडे वर्गमित्र आहेत, त्याला दुसरी गाळणे अवघड जाते.

मात्र इथेच आपला एक ठपका मला मान्य करावा लागतो. भीतीने घरी गेलेल्या विद्यार्थ्यांना माझ्या लेखात जेमतेम एक ओळ मिळाली, आणि ती चूक विद्यार्थी-पत्रकारांची नव्हे, माझी आहे. रेडिओवरच्या त्या रात्रीने मी इतकी भारावले होते की आधीचे दोन आठवडे घाईने उरकले. लेखात तो भाग आता वाढवला आहे आणि दुरुस्तीची तारीखही दिली आहे.

जवळचे लिखाण टिकते का, असेही आपण विचारले आहे. १९६८ साली याच हॅमिल्टन हॉलपासून विद्यार्थ्यांचा उठाव सुरू झाला होता. मॉर्निंगसाइड पार्कमध्ये बांधायची व्यायामशाळा आणि युद्धविषयक संशोधनाशी विद्यापीठाचे संबंध, ही त्याची कारणे. तेव्हाही पोलीस आले ते ३० एप्रिललाच, आणि सुमारे ७०० जणांना अटक झाली. त्या दिवसांची हकीकत ‘स्पेक्टेटर’च्या मंडळींनी त्याच वर्षी पुस्तकरूपाने लिहिली, आणि १९६८ समजून घेऊ पाहणारे आजही तिच्याकडे वळतात.

राहता राहिले बाबासाहेब. १९१३ ते १९१६ ते या विद्यापीठात होते, याचा अभिमान मलाही आहे, आणि त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहायचे आहेच. परंतु आपल्या आक्षेपाच्या संदर्भातच त्यांची आठवण होते. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या २५व्या वर्षी, त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. जातीचे चटके स्वतः सोसलेला विद्यार्थी जातीची मीमांसा करत होता, आणि तीही मतांचा गोंधळ बाजूला सारून, एकेक व्याख्या तपासत. परिसंवादातला निबंध आणि घाईची बातमी एका मापाने मोजता येत नाहीत, हे मान्य. तरीही जो विषयाच्या इतका जवळ आहे त्याने त्यावर लिहू नये, हा आपला नियम त्या दिवशी त्या खोलीत लावला असता, तर वर्षभराने ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आलेला तो निबंध आपल्याला वाचायलाच मिळाला नसता.