एकच गोळी आवेवरही चालते, हिरडीवरही: मग जिवाणू, विषाणू आणि प्रोटोझोआ वेगळे कशाला?

नमस्कार. तुमच्यासारखी शंका बऱ्याच जणांना पडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. जिवाणू, विषाणू आणि प्रोटोझोआ (म्हणजे अमिबा, मलेरियाचा परजीवी असे एकपेशी जीव) हे तीन कप्पे शाळेच्या पुस्तकात ठीक आहेत, प्रत्यक्षात टिकत नाहीत. तुम्हाला आव पडत होती तेव्हा डॉक्टरांनी अमिबा सांगून मेट्रोनिडॅझोल दिलं. पुढे हिरडी सुजली तेव्हा दातांच्या डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं. लष्करातल्या तुमच्या पुतण्याला ईशान्येकडे जाताना मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन मिळालं, आणि ते तर जिवाणूंवरचं अँटिबायोटिक. शिवाय सर्दी-तापात तुम्ही अँटिबायोटिक घेता आणि तीन-चार दिवसांत बरं वाटतं. तेव्हा सगळे शेवटी जंतूच, सामान्य माणसाला हे भेद शिकवून काय उपयोग?

पहिली दोन उदाहरणं खरी आहेत आणि फार चांगली आहेत. पण त्यांनी कप्पे मोडत नाहीत. औषधाला जंतूची जात कळत नाही. त्याला जंतूच्या शरीरात मारा करायला एखादी जागा लागते, आणि ती जागा आपल्या पेशींत नसावी लागते. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभिंतीची बांधणी अडवतं. आपल्या पेशींना भिंतच नसते, म्हणून आपण वाचतो. मायकोप्लाझ्मा हा जिवाणूच आहे, पण त्यालाही भिंत नाही. म्हणून त्याच्यावर पेनिसिलिन चालत नाही.

आता मेट्रोनिडॅझोल. गिळलेल्या रूपात ते जंतूला फारसं काही करत नाही. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची ऊर्जा काढण्याची रीत आपल्याहून वेगळी असते. त्या प्रक्रियेतले इलेक्ट्रॉन या औषधाला मिळाले की त्याचं रूप पालटतं आणि ते जंतूच्या डीएनएचे तुकडे करू लागतं. अमिबा मोठ्या आतड्यात राहतो, तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. हिरडी आणि दात यांच्यामधल्या खोल फटीतही तेच, आणि तिथे वाढणारे जिवाणू त्याच रीतीने जगतात. जिवाणू आणि प्रोटोझोआ एरवी एकमेकांपासून फार दूरचे, पण या एका बाबतीत दोघांचं जमतं. याचा शोधही असाच लागला. हे औषध आधी ट्रायकोमोनास या प्रोटोझोआवर दिलं जायचं. त्यासाठी ते घेणाऱ्या एका बाईंच्या हिरड्यांचा आजारही बरा झाल्याचं दिसलं, आणि १९६२ साली शिन यांनी ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. उलट, ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंवर मेट्रोनिडॅझोल निष्प्रभ ठरतं. क्षयाचा जिवाणू त्यातलाच.

डॉक्सिसायक्लिनची गोष्ट तर मला सूक्ष्मजीवशास्त्रातली सर्वांत विलक्षण वाटते. हे औषध जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर बसतं. मलेरियाचा परजीवी जिवाणू नाही. त्याला आपल्यासारखं केंद्रक असतं, आणि त्याच्या पेशीतले बहुतेक रायबोसोम आपल्या धर्तीचे असतात. पण त्याच्या पोटात एपिकोप्लास्ट नावाचा एक छोटा भाग आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजाने एक शेवाळ गिळलं, त्याच्या हरितद्रव्याच्या कणाचा हा अवशेष. आणि तो हरितकण मुळात एका प्रकाशसंश्लेषी जिवाणूपासून आलेला. म्हणून एपिकोप्लास्टमधले रायबोसोम आजही जिवाणूच्या घडणीचे आहेत, आणि डॉक्सिसायक्लिनला तिथे जागा सापडते. गंमत म्हणजे औषध घेताच परजीवी मरत नाही. तो वाढतो, त्याची पिल्लंही होतात. पण त्या पुढच्या पिढीच्या वाट्याला धड एपिकोप्लास्ट येत नाही आणि ती मरते. हा परिणाम इतका सावकाश होतो म्हणूनच, ताप चढलेल्या मलेरियाच्या रुग्णाला हे औषध एकटं देत नाहीत. सोबत झटपट काम करणारं दुसरं औषध असतं.

तिसरा मुद्दा मात्र मला मान्य नाही. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूला पेशीभिंत नाही, रायबोसोम नाही, स्वतःची ऊर्जा काढण्याची सोयही नाही. त्याला स्वतःची चूल नसते. तो आपल्या पेशीत शिरून आपल्याच चुलीवर स्वतःचा स्वयंपाक करवून घेतो. अँटिबायोटिकला मारा करायला जागाच उरत नाही. विषाणूंवर औषधं आहेत, पण तीही त्याच्या नेमक्या एखाद्या प्रथिनावर बेतलेली असतात; फ्लूचं औषध नागिणीला चालत नाही. तुमची सर्दी तीन-चार दिवसांत ओसरते कारण तुमचं शरीर तिला आवरतं. गोळी नसती तरी ती ओसरली असती. मधल्या काळात गोळीने आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंचा बळी घेतला आणि जे तिला दाद देत नव्हते ते मागे राहिले. पुढे खरंच न्यूमोनिया झाला किंवा लघवीचं इन्फेक्शन झालं तर गाठ त्यांच्याशी असते. पाकिटावर उभी लाल रेघ असली तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणू नये, एवढी तरी कळकळीची विनंती.

‘सामान्य माणसाला काय उपयोग’ याचं उत्तर जुलाबात सगळ्यांत स्पष्ट दिसतं. आपल्याकडे जुलाब झाले की जिवाणू आणि अमिबा दोन्हींवरची औषधं एकत्र असलेली गोळी बिनदिक्कत घेतली जाते. लहान मुलांना होणाऱ्या तीव्र जुलाबांचं एक मोठं कारण मात्र रोटाव्हायरस. त्याच्यावर त्या गोळीतलं एकही औषध लागू पडत नाही. मुलाला वाचवतं ते ओआरएस आणि झिंक, आणि आधीच टोचण्याऐवजी तोंडावाटे दिलेली लस. ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते, आणि तिचा एक प्रकार आपल्या पुण्यातच बनतो. शौचातून रक्त आणि आव पडत असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा शौचाचा ताजा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यावा, कारण शिगेला या जिवाणूमुळेही तसंच होतं आणि त्याचं औषध वेगळं आहे.

पुतण्याला एक जरूर सांगा. परत आल्यावरही डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालू ठेवायचं असतं, कारण यकृतात दडलेला परजीवी नंतर रक्तात उतरतो आणि हे औषध त्याला मुख्यतः रक्तात गाठतं. आणि गोळ्या चालू असल्या तरी, किंवा त्या संपून काही महिने झाले असले तरी, ताप आला तर मलेरियासाठी रक्त तपासून घ्यायला लावा. व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात महिनोन्‌महिने निपचित राहू शकतो आणि डॉक्सिसायक्लिन त्याला तिथे काही करत नाही.