कोरियाकडून घ्यायचंच तर तास नको, हिशेब घ्या

2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. तेव्हापासून पुण्याचे मित्र मला साक्षीला ओढतात. "तू दक्षिण कोरियात, उल्सानला राहतोस ना? ती माणसं मुळातच कष्टाळू, म्हणून पुढे गेली. बरोबर?"

कष्टाळू आहेत, वादच नाही. पण 1950 सालीही ती भातशेतीत कंबर मोडेस्तोवर राबतच होती, तरी देश दरिद्रीच होता. तेव्हाचे पंडित मागासलेपणाचं खापर कन्फ्यूशियसवर, म्हणजे ज्याची शिकवण कोरियात रुजली त्या चिनी तत्त्वज्ञावर, फोडत. आता यशाचं श्रेय त्यालाच देतात!

बदललं ते दुसरंच. 1950 च्या जमीनसुधारणेत साधारण तीन हेक्टरांवरची शेतजमीन सरकारने काढून घेतली आणि कसणाऱ्यांना दिली. मोबदल्याच्या रोख्यांची किंमत कोरियन युद्धाच्या काळातल्या महागाईने खाऊन टाकली. जमीनदार वर्गच संपला, मग औद्योगिक धोरणाला आडवं कोण येणार? आपल्याकडे महाराष्ट्रात सीलिंगचा, म्हणजे कमाल जमीनधारणेचा कायदा 1961 चा. त्यातून कोणाच्या किती जमिनी कोणाच्या नावावर वाचल्या, ते गावोगाव ठाऊक आहे.

1961 मध्ये लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-हींनी बँका ताब्यात घेतल्या. उद्योगांना स्वस्त कर्ज मिळे, पण त्या बदल्यात निर्यात दाखवावी लागे. 1965 पासून दरमहा निर्यातीची बैठक भरे, त्यात राष्ट्राध्यक्ष स्वतः बसत. कोरियाची पहिली पंचवार्षिक योजना 1962 ची, आपली एमआयडीसीही त्याच वर्षीची. सवलती आपणही कमी दिल्या नाहीत. शब्द न पाळणाऱ्याकडून त्या परत घ्यायची वेळ आली की मात्र आपण कच खातो.

आणि ते लांबलचक तास? त्यांची किंमत कोरियन कामगारांनी मोजली. 1970 मध्ये सोलच्या कपडेबाजारातल्या जॉन ते-इल या 22 वर्षांच्या कामगाराने 'कामगार कायदा पाळा' म्हणत स्वतःला पेटवून घेतलं. 1987 च्या उन्हाळ्यात इथल्या उल्सानमध्येच संपांचा वणवा पेटला. 2018 पासून कायद्याने आठवड्याची मर्यादा ओव्हरटाइम धरून 52 तासांवर आली, आधी मोठ्या कंपन्यांना, मग लहानांना. आज इथे एखाद्या व्यवस्थापकाने 70 तासांची सक्ती केली, तर त्याला बढती नाही, नोटीस मिळेल.

ह्युंदाईने तळेगावचा जनरल मोटर्सचा जुना कारखाना घेतला, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती गुंतवणुकीच्या कोटींची. साठच्या दशकातल्या कोरियन अधिकाऱ्याने आधी विचारलं असतं: निर्यात किती करणार, सुटे भाग इथे कोण बनवणार, आणि नाही जमलं तर सवलत कधी बंद करायची?