प्रोटॉनमधले ‘फक्त तीन क्वार्क’ आणि तो फॉरवर्ड

एक मेसेज फिरतोय सगळीकडे, त्यात म्हटलंय की प्रोटॉनमध्ये (अणूच्या गाभ्यातल्या धन भाराच्या कणात) तीनच क्वार्क (त्याहून बारीक मूलकण) असतात, त्याचं सगळं वस्तुमान हिग्जमुळे (मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्रामुळे) येतं, आणि सुटा क्वार्क कोणी पाहिलेलाच नाही म्हणजे क्वार्क ही नुसती कागदावरची कल्पना.

शेवटचं आधी घेऊ. सुटा क्वार्क मिळत नाही, मान्य. पण 1968 च्या आसपास अमेरिकेत स्लॅक या प्रयोगशाळेत प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन आदळवले तेव्हा अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन मोठ्या कोनात उडाले, आत बारीक कण असल्याशिवाय असं होत नाही. 1990 चं नोबेल त्यालाच मिळालं.

आता वस्तुमान. ते तीन क्वार्क म्हणजे दोन अप आणि एक डाऊन (क्वार्कचे हलके प्रकार), बेरीज जेमतेम 9 एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), आणि प्रोटॉन 938 चा! म्हणजे टक्काभर. बाकीचं बहुतेक सगळं ग्लुऑनची (क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या कणांची) ऊर्जा आणि आतल्या क्वार्कची धावपळ यातून येतं, हिग्जला उगाच श्रेय. हां, न्यूट्रॉन (त्यात एक अप, दोन डाऊन) प्रोटॉनपेक्षा 1.29 एमईव्हीने जड आहे तो मात्र डाऊन अपपेक्षा जड असल्यामुळे, नुसता विद्युतभार बघितला असता तर उलट प्रोटॉनच जड निघाला असता.

आणि ते ‘तीनच’. खरी गंमत इथे आहे. आत ग्लुऑनमधून क्वार्क-अँटिक्वार्कच्या (अँटिक्वार्क म्हणजे क्वार्कचा उलट भाराचा जोडीदार) जोड्या सतत होतात नि विरतात, अपमधून अँटिअप वजा केले की 2 उरतात आणि डाऊनमधून अँटिडाऊन वजा केले की 1, म्हणजे तीन ही खात्यातली शिल्लक झाली, उलाढाल केवढीतरी मोठी. बरं अप आणि डाऊनच्या या जोड्या समसमान असतील असं वाटायचं, कारण अप-डाऊन दोघंही हलकेच, पण 1991 मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या प्रयोगात गणित जुळेना, मग अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेने मोजलं, तिथल्याच 2021 च्या सीक्वेस्ट प्रयोगातही अँटिडाऊनच जास्त भरले. का? पायॉन-ढगाचं मॉडेल म्हणतं की प्रोटॉन क्षणभर न्यूट्रॉन आणि पाय-प्लस (धन भाराचा पायॉन हा कण) होतो, आणि पाय-प्लसमध्ये असतो अप आणि अँटिडाऊन, की झाली अँटिडाऊनची भरती. मला हे पटतं. दुसरं स्पष्टीकरण पाउलीच्या नियमाचं (एकाच स्थितीत दोन सारखे क्वार्क बसत नाहीत), आत अप आधीच दोन म्हणून नव्या अपला जागा कमी, पण त्याचा परिणाम एकट्याने पुरत नाही असं दिसतं.

चार्म हा आणखी एक, जड प्रकारचा क्वार्कही आत असल्याचा पुरावा 2022 मध्ये आला, आणि चार्म एकटाच प्रोटॉनपेक्षा जड! पण तो पुरावा 3 सिग्माचा (सिग्मा म्हणजे निकाल किती पक्का याचं माप) आहे, शोध म्हणायला 5 लागतात, त्यामुळे त्याचा फॉरवर्ड एवढ्यात नको.