साम्राज्य उलथवायचंय? एक बादली आणा

साम्राज्याविरुद्ध बंड पुकारायचं असेल तर शनिवार निवडा. सुट्टी बुडाल्यामुळे माणूस आधीच तापलेला असतो. आमच्या ऑफिसने नेमकं हेच केलं. सकाळी सहाला पुण्याहून बस, लोणावळ्याचं हॉटेल, स्वेटर लागेल इतका एसी आणि समोर ब्लेझरमधले एक ट्रेनर. विषय होता अमेरिकन क्रांती आणि आपलं तिमाही टार्गेट. तेरा वसाहतींनी ब्रिटिशांना कसं हाकललं, हे सरांनी आम्हाला दीड तासात शिकवलं. ते ज्ञान माझ्यापाशीच कुजू नये म्हणून तुम्हाला देतो आहे.

सगळ्यात आधी, चहा महागला पाहिजे. "इंग्रजांनी चहा महाग केला, पब्लिक चिडली, आसामचा चहा समुद्रात फेकला, गेम ओव्हर!" असं सर म्हणाले आणि टाळ्या पडल्या. आता क्रांती करायची तर इतकी माहिती पुरे. उगाच खोलात गेलात तर माझ्यासारखं तोंडावर पडाल. कारण मी हात वर केला. म्हटलं, सर, चहा महागला नव्हता, स्वस्त झाला होता. ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली होती, लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. म्हणून १७७३ च्या कायद्याने कंपनीला अमेरिकेत थेट माल उतरवायची मुभा दिली, आणि तो माल चोरट्या डच चहाच्याही खाली विकला जाणार होता. फक्त पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तसाच ठेवला. भांडण त्या तीन पेन्सचं होतं! ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एक माणूस बसत नाही, तिने आमच्या खिशात हात घालायचा नाही, एवढंच. वर बोस्टनमध्ये कंपनीचा चहा घेणाऱ्या एजंटांत खुद्द गव्हर्नरची दोन पोरं. आणि चोरट्या चहावर गब्बर झालेले बोस्टनचे व्यापारी काही संत नव्हते, स्वस्त चहा आला तर त्यांचंच दुकान बसणार होतं. इतकं सगळं त्या एका पेटीत भरलेलं असताना तुम्ही "चहा महागला" म्हणून मोकळे होता? आणि आसाम! अहो, आसामात इंग्रजांचे मळे लागले ते १८३० नंतर. बोस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ज्या ३४२ पेट्या फुटल्या, त्यात पानन्‌पान चीनचं होतं. कपातल्या चहाचा पत्ता माहीत नाही आणि निघाले क्रांती शिकवायला.

सर हसले. म्हणाले, "डिटेल्समध्ये अडकू नका, बिग पिक्चर बघा." मग माझ्या टीम लीडने माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं.

तेव्हा सल्ला क्रमांक दोन: डिटेल्समध्ये अडकू नका.

तारीख मात्र एक पाठ हवी, ४ जुलै. १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला २ जुलैला, जाहीरनाम्यावर बहुतेकांनी सह्या केल्या २ ऑगस्टला, पण केक चारलाच कापतात.

अर्ज-विनंत्या करत बसू नका, थेट ॲक्शन घ्या. खऱ्या वसाहतवाल्यांना हे कळलं नव्हतं. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला गोळ्या झाडून झाल्या, जूनमध्ये बंकर हिलला मुडदे पडले, आणि जुलैमध्ये ही मंडळी राजाला पुन्हा एक नम्र अर्ज लिहीत होती. राजाने तो स्वीकारलासुद्धा नाही. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही यात नवल वाटू नये.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान आहेत, असं जरूर लिहा. फक्त लिहिणाऱ्याच्या मळ्यावर राबणारे गुलाम त्यात मोजू नका. तो मसुदा लिहिणाऱ्या जेफरसनसाहेबांच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून जास्त झाले. मसुद्यात गुलामांच्या व्यापाराला नावं ठेवणारा एक परिच्छेद त्यांनी घातला होता, तो काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, काढून टाकला. मीटिंगमध्ये अडचणीचा मुद्दा काढतात तसा.

आणि कुणाची मदत घेऊ नका. सरांच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत होतं, "सेल्फ-मेड नेशन." वसाहतींचे वकील म्हणून गेलेले सत्तरीचे फ्रँकलिन आजोबा डोक्यावर केसाळ टोपी घालून पॅरिसच्या दिवाणखान्यांत का बसले होते, विचारू नका. एका फ्रेंच नाटककाराने बोगस व्यापारी पेढी काढून बंदुका आणि दारूगोळा का धाडला, विचारू नका. यॉर्कटाऊनला वेढ्यात सापडलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या सुटकेचा समुद्री रस्ता अडवून बसलेलं आरमार अख्खं फ्रेंच होतं, तेही जाऊ द्या. १९ ऑक्टोबर १७८१ ला शरणागतीची वेळ आली तर कॉर्नवॉलिसने तब्येतीचं कारण सांगून तलवार हाताखालच्या माणसाबरोबर पाठवली. स्वातंत्र्ययुद्धातला आमच्या ऑफिसला थेट लागू पडणारा प्रसंग हाच एक, आणि तो स्लाइडवर नव्हता.

पराभूत सेनापतीची चिंता करू नका. त्याची बदली होते. १७८६ मध्ये हाच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला, १७९२ मध्ये टिपूला त्याने श्रीरंगपट्टणला गुडघ्यावर आणलं, आणि त्या मोहिमेत त्याच्या जोडीला निजामाबरोबर आपली मराठी फौज होती. म्हणे गेम ओव्हर! साम्राज्य संपलं नव्हतं, आपल्या अंगणात मुक्कामाला आलं होतं. बरं, त्या सकाळी आमची बस जुन्या हायवेने वडगाव मावळवरून गेली. तिथे जानेवारी १७७९ मध्ये, म्हणजे अमेरिकेतलं युद्ध ऐन भरात असताना, पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजांच्या फौजेला मराठ्यांनी कोंडीत धरून तह लिहायला लावला होता. बसमधल्या एकानेही खिडकीबाहेर पाहिलं नाही. ‘म’वरून गाणं अडलं होतं.

जिंकल्यावर काय करायचं? कर लावायचा. १७९१ मध्ये व्हिस्कीवर लावला, शेतकरी उठले, आणि १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः घोड्यावर बसून सुमारे तेरा हजार माणसं घेऊन त्यांच्यावर निघाले.

हसून झालं असेल तर आता नीट ऐका. त्या क्रांतीला आठ वर्षं लागली. वॉशिंग्टनच्या फौजेच्या व्हॅली फोर्जच्या छावणीत एका हिवाळ्यात सुमारे दोन हजार माणसं मेली, गोळीने नाही, रोगराईने. कागदी पगाराला बाजारात कुणी विचारेना, म्हणून जानेवारी १७८१ मध्ये पेन्सिल्व्हेनियाचे सैनिक आपल्याच अधिकाऱ्यांवर उलटले. राजाच्या बाजूचे हजारो लोक घरदार सोडून कॅनडाकडे गेले. फ्रँकलिनचा स्वतःचा मुलगा राजनिष्ठ राहिला म्हणून तुरुंगात पडला, बापलेकाचं पुढे कधी धड जमलं नाही. आणि तुम्ही याची ‘ॲक्टिव्हिटी’ करता? टार्गेट पूर्ण होत नाही कारण माल खराब आहे आणि माणसं कमी आहेत, हे वर सांगायची छाती नाही, म्हणून मेलेल्यांना स्लाइडवर नाचवता? आणि आपण! चाळिशीची शिकलेली माणसं, कोणी काहीही ठोकलं तरी टाळ्या वाजवतो. मीसुद्धा वाजवल्या, शेवटी.

ती ॲक्टिव्हिटी अशी होती. मध्ये निळी प्लास्टिकची बादली, काठोकाठ पाणी. प्रत्येकाच्या हातात एक टी-बॅग. कागदावर आपली ‘लिमिटिंग बिलीफ’, म्हणजे आपल्याला मागे खेचणारी समजूत, लिहायची, टी-बॅगला स्टेपल करायची आणि "फ्रीडम!" ओरडून बादलीत फेकायची. साठ जणांनी फेकल्या. निम्म्यांचा नेम चुकला. पाणी कार्पेटवर, पिवळट डाग, पिना, लगदा. मग जेवणाची घोषणा झाली आणि साठच्या साठ बंडखोर पनीरच्या रांगेकडे धावले. टी-बॅगा संपल्यामुळे दुपारी चहा नव्हता.

बोस्टनच्या त्या लोकांनी काम झाल्यावर जहाजांचे डेक झाडून काढले होते. एक कुलूप फुटलं होतं, ते दुसऱ्या दिवशी नवं आणून दिलं. सरांना हे ठाऊक नाही, कारण ते डिटेल आहे. मी मोबाईल विसरला म्हणून हॉलमध्ये परत गेलो, तर हॉटेलच्या मावशी गुडघ्यावर बसून कार्पेटमधून स्टेपलरच्या पिना एकेक करून वेचत होत्या. मला बघून म्हणाल्या, "चप्पल काढू नका हां साहेब, टोचतील."