रस्त्याकडे पाठ? आमचा वाडाही तसाच होता

शिकागोच्या ग्लेसनर हाऊसवरचा लेख आवडला, पण ‘रस्त्याकडे पाठ करून आतल्या अंगणाकडे उघडणारं घर ही १८८७ची नवी कल्पना’ हे वाक्य खटकलं. नवी असेल ती त्या घराच्या रस्त्याला, प्रेअरी अव्हेन्यूला! माझ्या आजोळी, औसा तालुक्यात, माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) वाड्याला रस्त्याच्या अंगाला दोन हात जाडीची दगडी भिंत, एकच दरवाजा, मग ढाळज (दरवाजाच्या आतली बसायची ओसरी), आणि आत गेलं की चौक. उजेड यायचा तो चौकातून आणि माळवदाच्या सान्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून. भर मे महिन्यातही सोप्यातली फरशी गार लागायची.

ग्लेसनर हाऊसचा वास्तुकार रिचर्डसन, त्याची खरी करामत मात्र लेखात एका ओळीत उरकली आहे. उत्तरेच्या थंडीकडे नोकरांच्या वापराचा बोळ, आणि राहायच्या खोल्या दक्षिणेच्या उन्हाकडे. आम्ही ऊन टाळायला भिंती जाड केल्या, त्यानं ऊन आत घ्यायला अख्खं घर वळवलं. (बिचारा घर पुरं व्हायच्या आधीच, १८८६ मध्ये गेला.) आमचा वाडा १९९३च्या भूकंपात बसला, मातीत रचलेले दगड ते. आता तिथं स्लॅबचं घर आहे. खिडक्या सगळ्या रस्त्याकडे, आणि धुळीपायी बारा महिने बंद.