‘प्रशिक्षण म्हणजे फुकटची सहल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या आठवड्यात मी एक यादी टाकली होती. परकीय भाषा शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना गोव्यात राहून काय काय मिळू शकतं, त्याची. पणजीतलं कामोंइश संस्थेचं पोर्तुगीज भाषा केंद्र, पणजीच्याच फोंताइन्हासमधली फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था, फ्रेंच शिकवणारी आलियांस फ्रांसेझ, गोवा विद्यापीठातले पोर्तुगीज आणि फ्रेंचचे विभाग, पोर्तुगालमधले लिस्बन-कुइंब्राचे उन्हाळी वर्ग, असं सगळं. त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तीस वर्षं सत्तरी तालुक्यात वाळपईच्या बाजूला मराठी शिकवलेला माणूस एवढं लांब लिहितो, तेव्हा ‘धन्यवाद’ लिहून सुटता येत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रशिक्षण म्हणजे फुकटची सहल, परतल्यावर वर्गात काही बदलत नाही. यादी पणजीकरांच्या सोयीची आहे. मुलं पोर्तुगीज मार्कांसाठी घेतात आणि मोठी माणसं पोर्तुगालच्या पासपोर्टसाठी. आणि शेवटी, साडेचारशे वर्षं राज्य केलेल्यांची भाषा जोपासायची आणि इथल्या मराठी शाळांना कुलूप लागताना बघत बसायचं, हे कुठलं शहाणपण?

आधी सहलीचं बघू, कारण ते मला लागलं.

मी डिचोली तालुक्यात आठवी ते दहावी पोर्तुगीज शिकवते. ‘कुटुंब’ हा धडा दरवर्षी असतो. पोर्तुगीजमध्ये आजोबा ‘अवो’ आणि आजी ‘अवॉ’. लिहिताना एका ‘ओ’वर टोपी, दुसऱ्यावर तिरकी रेघ. टोपीवाले आजोबा, रेघेची आजी, असं मी मुलांना शिकवायचे आणि मुलं ते झकास लक्षात ठेवायची. तोंडाने मात्र मी दोन्ही शब्द एकसारखेच म्हणायचे. मराठीत आपला ‘ओ’ एकच, त्यामुळे माझ्या कानाला फरकच कळत नव्हता. आठवीतली एक मुलगी एकदा म्हणाली, “टीचर, शापाय आनी शामाय एकूच व्हय?” म्हणजे आजोबा आणि आजी एकच का? मी म्हटलं, मागचापुढचा शब्द बघ, कळेल. खरंच कळतं. पोर्तुगीजमध्ये नामाआधी पुल्लिंगी-स्त्रीलिंगी आर्टिकल येतं, त्यामुळे आजोबा की आजी ते आधीच ठरलेलं असतं. म्हणूनच माझी चूक सहा वर्षं कुठेच उघडी पडली नाही. पेपरात तर नाहीच. तिथे टोपी आणि रेघ बरोबर असली की पुरे.

मग पणजीत दोन दिवसांची एक कार्यशाळा झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर, म्हणजे सगळे पेंगत असताना, जोड्या लावून चित्रांचे पत्ते वाटले. एकाने नुसता शब्द म्हणायचा, आर्टिकल न लावता, आणि दुसऱ्याने चित्र उचलायचं. माझ्या समोर मडगावची एक शिक्षिका होती. मी ‘आजी’ म्हटलं, तिने आजोबा उचलले. पुन्हा म्हटलं, पुन्हा आजोबा. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “टोपीवाला की रेघेचा?” मला घाम फुटला. पंखा डोक्यावर होता.

आठवीतल्या त्या मुलीच्या घरी कोंकणी बोलतात. कोंकणीत मिटका ‘ओ’ आणि उघडा ‘ऑ’ वेगळे असतात. तिच्या कानात जे आधीपासून होतं, ते मी सहा वर्षं पुसत होते. सोमवारी वर्गात गेल्यावर मी तिलाच फळ्यापाशी बोलावलं आणि सगळ्यांना म्हणून दाखवायला सांगितलं.

सर, तुमच्या शाळेत मराठीचे किती शिक्षक होते? दोन, तीन? एकाने ऱ्हस्व-दीर्घ चुकवला तर स्टाफरूममध्ये दुसरा टोकतो. पालक टोकतात. तालुक्याला एखादे पेन्शनर असतातच, ते तर पत्र पाठवतात. पोर्तुगीज किंवा फ्रेंच शिकवणारी मात्र बहुतेक शाळांत एकटीच. मुख्याध्यापकांना ती भाषा येत नाही, पालकांना येत नाही, तपासणीला येतात त्यांनाही येत नाही. मी जे म्हणेन ते बरोबर. अशा एकटीच्या चुका पक्क्या होत जातात, वर ती सीनियर झाली की त्यांना अनुभव म्हणतात. कार्यशाळा मला याचसाठी लागते. जेवण चांगलं होतं, ते नाकारत नाही.

सहली होतात, हेही खरं. भाषणं, हार, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र आणि घरी, असले कार्यक्रम मीही बघितलेत. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय. त्यातले किती तास मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून भाजी चिरण्यात जातात, ते आम्हालाच ठाऊक. पण त्या ५० तासांत परकीय भाषेच्या शिक्षकाला उच्चार ऐकवणारा, चूक धरणारा एक तास तरी असावा, एवढंच माझं मागणं आहे.

यादी पणजीची होती, हे मान्य. वाळपईहून दोन तास बसमध्ये बसून पाच वाजता सुटणाऱ्या वर्गाला कोण येणार? पण यादीत त्याहून मोठी एक खोट राहिली आणि ती तुमच्याही नजरेतून सुटली. आमच्यातल्या कितीतरी जणी लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाप्रमाणे पैशांवर आहेत. एक दिवस कार्यशाळेला गेलं की त्या दिवसाचे पैसे बुडाले. माझ्या आधीच्या शाळेत मला ड्युटी लीव्ह मागितल्यावर “कॅज्युअल टाका” असं उत्तर मिळालं होतं, आणि मी तर कायम होते. युरोपातले उन्हाळी वर्ग जुलैत असतात. आपल्याकडे तेव्हा पाऊस धो-धो आणि शाळा ऐन भरात. शिष्यवृत्ती मिळाली तरी तीन-चार आठवडे कोण सोडणार? हे मी लिहायला हवं होतं. आता प्रत्येक नोंदीपुढे फी किती, रजा कुठली लागेल आणि घरबसल्या जमतं का, हे टाकते आहे.

घरबसल्या बरंच जमतं. फ्रेंचवाल्यांसाठी आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र आहे, तेव्ही सँक माँद या फ्रेंच वाहिनीचे धडे आहेत. जर्मनवाल्यांना डॉइच वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचे धडे आहेत. सगळं फुकट. फक्त रेडिओ तुमची चूक सांगत नाही.

मार्कांचं म्हणाल तर होय, मुलं मार्कांसाठीच येतात. गणितालाही मार्कांसाठीच येतात. पण इथे आमच्या परीक्षेचाच दोष जास्त आहे. फ्रेंचच्या देल्फ परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० मिळाले की पास, पण कुठल्याही एकात ५च्या खाली गेलात की बाकी कितीही असोत, नापास. म्हणजे तोंड उघडावंच लागतं. आमच्याकडे मूल तोंड न उघडता नव्वदच्या पुढे जाऊ शकतं. अशा मुलांना मी ‘व्हेंय कांतार’ या पोर्तुगीज गाण्यांच्या स्पर्धेला उभं करते. गाण्याने भाषा येते का, असं तुम्ही विचारलंय. व्याकरण येत नाही. पण ‘सांव’, ‘नांव’ हा नाकातला स्वर गाताना गिळता येत नाही, आणि गोव्याच्या मुलांना तो सहज येतो.

पासपोर्टवाल्यांबद्दल एकच सांगते. ते पोर्तुगीज शिकायला माझ्याकडे आलेच नाहीत. ते इंग्लंडमधल्या स्विंडनला गेले आणि तिथे इंग्रजी बोलतात.

आता ‘त्यांची भाषा’. साडेचारशे वर्षं त्यांचं राज्य होतं ते तिसवाडी, बार्देश, साष्टी या तालुक्यांत. तुमच्या सत्तरीत नि माझ्या डिचोलीत पोर्तुगीज अठराव्या शतकाच्या शेवटी आले, हे तुम्हाला मी काय सांगायचं. आणि सत्तरीचंच नाव निघालं म्हणून आठवतं, पिसुर्ल्याचे पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) पणजीच्या अभिलेखागारात ते पोर्तुगीज कागद वाचत बसले, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची एक अख्खी बाजू उजेडात आली. त्यांना ती भाषा येत नसती तर नुकसान मराठीचंच होतं.

इतकं मोठं काम माझ्या मुलांकडून होणार नाही. गेल्या वर्षी मी नववीला एवढंच सांगितलं की घरी जमिनीचा जुना पोर्तुगीज कागद असेल तर आईवडिलांना विचारून झेरॉक्स आणा. अकरा आल्या. एका मुलाच्या कागदात नारळाच्या बागेच्या हद्दी होत्या. ‘नोर्त’, ‘सूल’ त्याला लागले. पुढे ‘नासेंत’ आणि ‘पोएंत’. शब्दकोशात सापडलं: उगवणारा, मावळणारा. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, “म्हणजे उगवतीला आणि मावळतीला! आमची आजी असंच म्हणते!” तो कागद घेऊन मुलगा घरी गेला आणि त्याने आजीला त्यांच्याच बागेच्या चार हद्दी वाचून दाखवल्या. इतकी वर्षं तो कागद पेटीत होता, कुणालाच वाचता येत नव्हता. याला सहल लागली नाही, पणजी लागली नाही. मला मात्र तो हस्ताक्षरातला कागद वाचता यावा लागला, आणि तेही मी एका सुट्टीतल्या वर्गातच शिकले.

मराठी शाळांना कुलूप लागतंय, त्याचं दुःख मलाही आहे. मी लहानपणी शिकले ती शाळा गेली त्यातच. पण त्या मुलांनी तिसरी भाषा सोडली म्हणून ती उघडणार नाही. ती मुलं इंग्रजी माध्यमात गेली, पोर्तुगीज माध्यमात नव्हे.

आम्ही चौघीजणी महिन्यातून एका शनिवारी माझ्या घरी बसतो. दोघी पोर्तुगीजच्या, दोघी फ्रेंचच्या. प्रत्येकीने आपल्या वर्गातला पाच मिनिटांचा आवाज मोबाइलवर टिपून आणायचा आणि बाकीच्यांनी तो ऐकून बोलायचं. पहिल्या दोन महिन्यांत एक जण रुसून गेली होती, आता सगळ्यात आधी तीच येते. मराठीचे जाणते कान असतील तर आम्हाला हवेच आहेत, कारण शब्दांचे अर्थ मुलांना सांगताना आमची मराठी कधी कधी फारच इंग्रजी होते. येत्या शनिवारी तीन वाजता या. पत्ता ईमेलने कळवते. वाळपईची बस चुकणार नाही अशा बेताने उठू.

देव बरें करूं.